कुठली बाजू

साडेनऊला सोल्वाय सोफ्यावर आडवी होते,
स्वेटर छातीपर्यंत गुंडाळून विचारते, आज कुठली बाजू?
उजवी. काल डावी होती.
बेंबीपासून तीन बोटं सोडून कातडीची चिमूट,
सुई सरळ आत, दहापर्यंत आकडे,
मग चिमूट सोडायची. चोळायचं नाही,
नर्स बोडिलनं बजावलंय.

तरी डाग उठतातच.
ताजे जांभळे, परवाचे हिरवट,
जुने पिवळे पडत पुसट होणारे.
जणू रोज रात्री मी त्या पोटावर
अंगठा उमटवतो, सही न येणाऱ्यासारखा.

तीन गेली.
आठव्या आठवड्यात, दहाव्यात,
आणि एक तेराव्यात, जिचं नाव ठेवून झालं होतं.
ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.
सासूबाई सूप घेऊन आल्या, काही बोलल्या नाहीत,
भांडं घासून गेल्या.

मग रक्ताच्या अकरा नळ्या.
डॉक्टर व्हिंथरनी कागदाच्या पाठीवर झाड काढलं:
इथे, वारेच्या बारीक फांद्यांत, रक्त गोठतंय.
तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.
सोल्वायनं ते वाक्य
त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

मी कत्तलखान्यात, आतड्यांच्या लाइनवर.
सोळा वर्षं. पहाटे चारची पाळी, गरम पाणी,
कोपरापर्यंत रबरी हातमोजे.
आतड्याच्या आतला बुळबुळीत थर खरवडून निघतो,
तो टाकत नाहीत. टाकीत साठतो,
मंगळवारी टँकर येऊन घेऊन जातो.
कुठे, ते कधी विचारलं नव्हतं.

औषधाच्या घडीच्या कागदावर, मुंगीएवढ्या अक्षरांत:
डुकराच्या आतड्यापासून.
त्या रात्री चिमूट धरून मी तसाच थांबलो.
काय झालं? हात गार पडलेत का?
सांगितलं.
ती हसायला लागली, इतकी, की पोट हलायचं थांबेना,
सुई बाजूला ठेवावी लागली.
म्हणजे घरचंच आहे की, म्हणाली.

आता एकविसावा आठवडा.
पाळणा घेतलेला नाही, भिंत रंगवलेली नाही.
वापरलेल्या सुयांचा पिवळा डबा भरला
की फार्मसीत देऊन रिकामा आणतो,
सध्या तरी एवढीच तयारी.
पूर्वी आंघोळीशिवाय तिच्याजवळ जात नसे.
परवा म्हणाली, ये असाच.

या मंगळवारी खाडीवरून बर्फाचा वारा होता.
टँकर फाटकातून वळताना
मी ड्रायव्हरच्या काचेवर टकटक केली.
सोळा वर्षांत पहिल्यांदाच. त्यानं काच खाली केली.
काय बोलावं सुचेना.
रस्ता निसरडाय, म्हटलं.
जपून ने.