टाच मोकळी

जालन्याच्या एमआयडीसीत, वजनकाट्याच्या मागं,
खय्यूमभाईंच्या वखारीत त्या उभ्या होत्या
पत्र्याला टेकून,
लग्नघराच्या दारात
कुणीच न ओळखणाऱ्या दोन पाहुण्यांसारख्या.

कंटेनर कुठल्याशा बंदरातून आलेला:
रेडिएटर, सायकलींच्या चेनी, पिचलेले पंखे
आणि ह्या. एकशे चौऱ्याऐंशी सेंटिमीटर,
कमरेत रुंद, दोन्ही टोकांना वर वळलेल्या,
कुणी न तुडवलेल्या बर्फासाठी केलेल्या.

"जू असंल बैलाचं," हमाल म्हणाला.
"दरवाजे की पट्टी है," खय्यूमभाई म्हणाले.
मी काहीच म्हणाले नाही.
औलीला चौदा दिवस भाड्याच्या स्कीवर
पडत पडत शिकलेली पीटीची बाई
भाव ठरायच्या आधी गप्प बसते.

उन्हात धरून कड बघितली.
गंज वरवरचा, नखानं निघणारा.
तळाला दगडाचा लांब ओरखडा,
पण गाभ्यापर्यंत न गेलेला.
बाइंडिंगच्या पुढं चार बुजवलेली भोकं,
म्हणजे ह्या आधीच एकदा विकल्या गेल्या होत्या;
माझा नंबर तिसरा.
टाचेपाशी मार्करनं लिहिलेलं: २९८.
कुणाच्या तरी बुटाच्या तळव्याची लांबी.

पिशवीत चढणीची कातडी निघाली,
डिंकाला डिंक चिकटवून घडी घातलेली.
सोडवताना असा आवाज झाला
की काट्यावरचं कुत्रं उठून बसलं.
"कौनसा जानवर?"
"बकरीचे केस. अंगोरा."
त्यांनी तळहात फिरवला, टोकाकडून शेपटाकडं: मऊ.
उलटा फिरवला: अडला.
पुन्हा फिरवला.
घरी सात शेरड्या असलेल्या माणसाला
समजावून सांगावं लागत नाही.
"मतलब आगे जाने देता, पीच्छू नै आने देता."
"हो."
"आदमी के वास्ते नै मिलता क्या ऐसा कुछ?"

मग वजन. सगळं काट्यावर, पाच किलो सहाशे.
लोखंडाचा रेट लावावा तर लोखंड कडेपुरतंच,
प्लास्टिकचा लावावा तर आत लाकूड.
खय्यूमभाईंनी कॅलक्युलेटर उलटा ठेवला.
"इसका रेटच नै. तुम बोलो."
मी हजार म्हणाले. ते पंधराशे.
कातडीचे वेगळे.

"बर्फ देखे तुम?"
"बघितला."
"जिनिंग के ढेर जैसा रहता ना?"
सगळे हेच विचारतात. वर्गातली पोरंसुद्धा.
नाही, म्हटलं. कापसात पाय नुसता रुततो.
बर्फ पाय घेतो आणि परत देतो,
पण त्याच्या भावानं.
ते हसले. बाराशेत मिटलं.

घरी बेचाळीस डिग्री. डिंक पाघळायला लागला,
त्याला वखारीतला लोखंडी चुरा चिकटलेला.
सुईच्या टोकानं दोन रात्री वेचला.
मग कातडी फ्रिजमध्ये, इडलीच्या पिठामागं.
आई ओरडली, "काय मारून ठेवलंस हे?"
खालच्या मजल्यावरचे सोनकांबळे सर
जिन्यातच विचारतात,
"डोंगर कुठाय हितं? काय करायलाव तुम्ही?"

काय सांगू.
चढताना टाच मोकळी सोडायची असते,
उतरताना बांधायची.
मला वाटायचं, उलटं असेल.
सगळ्यांनाच वाटतं.
मोकळ्या टाचेनं उतरलेलीही मी एकदा;
मनगटात अजून कळ येते, थंडीत.

बूट नाहीत अजून.
टूरिंगचे बूट ह्या कंटेनरात नव्हते,
पुढच्यात बघून ठेवतो म्हणालेत खय्यूमभाई.
पण माझा आकडा पाठ आहे: २७७.

लाईट गेली तेव्हा मी गच्चीवर होते.
रोलिंग मिलच्या बाजूला आभाळ तांबडं.
पुढच्या दोन सुया रिकाम्या हवेवर मिटून बघितल्या: टक.
पुन्हा उघडल्या.
मोबाईल तोंडात धरून
स्क्रूड्रायव्हरनं टाच पुढं आणत बसले,
एका फेऱ्याला जेमतेम एक मिलिमीटर.
एकवीस सरकवायचे होते.
कोण होता, होती, कुठल्या उतारावरचं पाऊल,
मला माहीत नाही.
बाराव्या फेऱ्याला स्क्रू जाम झाला.
खाली जाऊन खोबरेल घेऊन आले.