नाताळाआधीची मापं

नोव्हेंबर. दुकानात सतरा कोट कापून पडलेत,
सगळ्यांना नाताळाआधी हवेत,
आणि परसात माझी दोतोरीण
दिवसेंदिवस उघडी पडत चाललीय.

आधी मान. मग छाती.
मग एका सकाळी शेपूटच नाही,
नुसता गुलाबी खुंट;
आणि पायरीवर, मोरीत, मशीनच्या पायट्याखाली
तपकिरी पिसं,
रात्री कुणी उशी उसवल्यासारखी.

एस्पेरान्स कुंपणावरून म्हणते,
शांबा, अंडं नाही, रूप नाही,
शागुतीचा मसाला मी वाटून देते.
मी म्हणतो, बाय,
उसवलं म्हणून टाकून देणारा शिंपी मी नव्हे.

शिंपी आहे म्हणूनच कळतं,
पिसालाही कापड लागतं,
आणि ते कापड चोचीतून आत जातं.
नुसत्या कण्यांवर
साधं अस्तर निघायचं नाही.

म्हणून फेरीबोटीने पलीकडे जाऊन
सुकी सुंगटं आणली.
रात्रभर भिजवली, तीनदा पाणी बदललं,
खारटपणा गेला का, ते स्वतः चाखून पाहिलं.
बांगड्याची डोकी उकडून, काटे वेचून.
मोडाचे कुळीथ, तेही उकडून.
शेवग्याचा पाला कापडाच्या कात्रीने कापला
(कात्री बोथट होते, बाबा ओरडले असते).
आणि माडाखालच्या वाळवीचं एक ढेकूळ फोडून दिलं;
ते मात्र ती उभ्याउभ्या संपवते,
लग्नात बस चुकेल म्हणून घाईत जेवणाऱ्यासारखी.

अठराव्या दिवशी अंगभर नळ्या फुटल्या.
निळसर, आत रक्त.
उचलायला गेलो तर अशी किंचाळली
की मीच मागे सरलो.
ट्रायलला उभं राहिलेलं माणूस असंच असतं,
टाचण्यांचा कोट अंगात, श्वास अर्धा.
अशा वेळी कुणी मिठी मारू नये.
शेजारच्या पोरांना बजावलं,
बघायचं, हात लावायचा नाही.

सिप्रियानचा कोट मी आत्तापर्यंत दोनदा आत घेतला.
आजाराने त्याचे खांदे कुठे गेले कळत नाही,
माप लिहिताना पेन्सिल अडखळते.
त्याची आई हळूच म्हणाली,
शिवणीत दोन बोटं कापड राखून ठेव,
भरेल तो.
ठेवलं. तीन बोटं ठेवलं.

आज तो ट्रायलला आला.
मागच्या दाराशी धापा टाकत टेकला
आणि बराच वेळ दोतोरणीकडे बघत राहिला.
ती सुंगटाच्या डोक्याशी झटत होती,
मानेवर नवी पिसं, मागे अजून काहीच नाही,
आणि चालणं मात्र पाद्रीणबाईसारखं.

हिचा कधी तयार होणार?

जानेवारीत, म्हटलं. शेपूट सगळ्यात शेवटी.
घाई करून चालत नाही,
पोटात पडेल तसं शिवलं जातं.

तो हसला की खोकला, कळलं नाही.
मग हात वर करून उभा राहिला.

आणि माझं, शांबा?

माझ्या तोंडात टाचण्या होत्या.