खवलं

मी फोंड्याची. समुद्र माझ्या नोकरीत पहिल्यांदा आला
तो बेतूलच्या मच्छीमार सोसायटीच्या फायलीतून:
सभासद तीनशे बारा, अध्यक्षपदाला उमेदवार दोन,
निशाण्या नांगर आणि कंदील.
कंदिलाला सगळी जेटी हसली,
कारण तो माणूस रात्री पाण्यावर एवढे दिवे लावतो
की किनाऱ्यावरचे कोंबडे दोन वाजताच आरवतात.

आठवड्यापूर्वी पावटूचं जाळं कुणीतरी जाळलं.
नायलॉन धड जळत नाही, वितळतं.
त्याचा काळा गोळा अजून वाळूत होता,
त्याला वळसा घालून लोक मतदानाला आले.
चुन्याच्या रेघेपलीकडे दोन्हीकडची पोरं उभी,
कोण कुणाबरोबर येतंय, हे बोटांवर मोजत.

कायतान म्हणाला, "बाई, लिहून घ्या,
दिवे बंद करा, नाहीतर नातवाला बांगडा चित्रात दाखवू."
मी म्हटलं, इथे लिहायचं नसतं. शिक्का मारा.
उमाकांतचं उलटं: कर्ज ट्रॉलरवरच फिटतं,
होडीवर फक्त आजोबांचं नाव चालतं.
शेवंतीनं पेन्शनबद्दल विचारलं.
मग विचारलं, दोघंही नको असले तर कुठे मारू?
एक म्हातारा मत देऊन पुन्हा रांगेत येऊन उभा राहिला,
आत पंखा आहे म्हणून.

रेमेद आली तीन बायकांच्या मधोमध.
टोपली पायरीवर ठेवली, हात झग्याला पुसले,
सही करताना वाकून म्हणाली,
"घोवाक सांगपाचें ना. देवाक सुद्दां ना."
मी तिला एवढंच सांगितलं,
शाई ओली असेल तर फुंकर घाला, मग घडी.
पुठ्ठ्याच्या आडोशामागून तिची फुंकर ऐकू आली,
दिवा विझवल्यासारखी,
किंवा चूल पेटवल्यासारखी. मला फरक कळला नाही.

रात्री मोजणी. कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद.
दाराशी शिपाई, टेबलाच्या दोन टोकांना दोन प्रतिनिधी,
फळ्यावर अजून सातचा पाढा.
नांगर. कंदील. कंदील. नांगर. घाम पुसा, पुढची.
आणि एका मतपत्रिकेवर, शिक्क्याला लागून,
चिकटलेलं खवलं. नखाएवढं, चंदेरी.

नियम मला पाठ आहे: मतदार ओळखू येईल
अशी खूण असेल तर मत बाद.
पण मला माशातलं काय कळतं,
आमच्या घरी श्रावण बाराही महिने.
कंदिलाचा माणूस पुढे वाकला. "हें शेवट्याचें."
नांगराचा माणूस काहीच बोलला नाही.
त्या न बोलण्यातून मला समजलं
की या गावात शेवटे विकणारी बाई एकच,
आणि आता चार डोळे
शिक्का कुठे बसलाय ते शोधतायत.

माझा अंगठा शिक्क्यावर होता.
कधी ठेवला, आठवत नाही.
दुसऱ्या हाताच्या नखानं खवलं उचललं,
घडी तशीच परत घातली,
आणि मत न मोजलेल्या ढिगात सारून
दोन्ही हातांनी तो ढीग ढवळला,
पेजेची डाळ ढवळावी तसा. सावकाश, तळापासून.
"हें कितें करता बाई?"
"मोजणी," मी म्हटलं.
शिपायानं पहिल्यांदाच भिंतीवरून पाठ काढली.
पुढची मतपत्रिका उघडली. त्यापुढची.
त्यातली एक तिची होती. कुठली, ते ढिगालाही माहीत नव्हतं.

कोण निवडून आलं, ते पेपरात चार ओळींत आलं.
मी सह्या घेतल्या, लाख वितळवून पेटीला सील केलं.
जीप पुलावर चढली तेव्हा अंगठ्याला वास येत होता,
घरी न्यायला नको असा,
आणि तरीही मी हात खिडकीबाहेर धरला नाही.
मागे समुद्रावर दिवे लागले होते.
किती, ते ड्रायव्हरनं विचारलं.
मी मोजले नाहीत.