सात दिवस

नव्या नंबरानं सात दिवस नुसतं वाचायचं,
बोलायचं नाही. नियम माझाच,
इतवारीच्या टेलिफोन एक्स्चेंजात बत्तीस वर्षं
लोकांना ‘थांबा’ म्हणत काढलेली मी.

आधी रक्तदात्यांच्या गटात कोणीही शिरायचं:
लॉटरी, कर्ज, वजन घटवा.
एकानं तर लांजेवारांच्या पोरीचा
फोटो लावून शिव्या घातल्या.
मग कुलूप घातलं.

काल पहाटे अडवलेल्यांची यादी उघडली.
जाहिराती, जाहिराती, मधेच
रात्री पावणेदोनचा एक:
‘ताई, बी निगेटिव्ह पाहिजे. मेयो. बायको अडली.’

फोन लावला.
मागं स्ट्रेचरची चाकं वाजत होती.
‘भेटलं,’ म्हणाला, ‘चहावाल्याचं.’

कुलूप काढलं नाही.
घंटी चालू ठेवून
फोन उशाशी घेते आता.
बहुतेक रात्री
लॉटरीच वाजते.