बियाण्याच्या दुकानावरचा वर्ग

अमळनेरात, बियाण्याच्या दुकानावर
माझा स्पोकन इंग्लिशचा वर्ग, सहा ते सव्वासात.
जिन्यात सरकीचा आणि फवारणीच्या औषधाचा वास.
बाकांवर नऊ जण. पंखा एकच, तोही
नाही नाही म्हणत मान हलवणारा.

फळ्यावर लिहिलं : इट इज हॉट, इझंट इट?
म्हटलं, वाक्य होकारी असेल तर शेपटी नकारी,
वाक्य नकारी, तर शेपटी होकारी.
शी कान्ट स्विम, कॅन शी?
शेजारणीची वाटी परत देतो तसं,
वाटी तीच, आत काहीतरी दुसरं घालून.

धुडकू अण्णा बोरसे, एसटीतून निवृत्त कंडक्टर,
कशासाठी शिकतात ते मी कधी विचारलं नाही,
त्यांनी हात वर केला :
"सर, मे महिना. पत्र्याले हात लावा, फोड येतो.
यामा काय इचारानं?
ऊन शे म्हंजे शे."
सगळे हसले. मीही.
म्हटलं, अण्णा, हा प्रश्न नाहीच.
बाकावर जरा सरकून दिलेली ही जागा.
"मग आम्ही बी देतो की. शे ना?
एका 'ना'त भागतं."

खरंच भागतं. आपला ना कुठल्याही क्रियापदाला होतो,
घरात कुणीही पायात सरकवून
अंगणात जाऊन यावं अशी एकच चप्पल.
तिकडे प्रत्येकाचं माप वेगळं :
डझंट ही, वोन्ट दे, हॅडंट वुई,
आणि आय अ‍ॅमला तर स्वतःचं मापच नाही,
तो उसनं घालतो, आर्न्ट आय.

मग सूर. पुस्तकात अर्ध्या पानाचा भाग.
आवाज खाली आला, तर उत्तर आपल्याच खिशात,
समोरच्याने मान तेवढी हलवायची.
वर गेला, तर खरंच माहीत नाही.
यू आर कमिंग, आर्न्ट यू.
यू आर कमिंग, आर्न्ट यू?

मंदा नेरपगारे, ब्लाउज शिवते, वर्गात बोलत नाही,
वहीत बाण काढत होती. खाली, खाली, खाली.
म्हटलं, एखादा वरचा पण काढा.
"आमच्याकडे वरचा कुणी बोलत नाही, सर.
तू माहेरी जाणार नाहीस ना, हा खालचा.
तुला चालेल ना, हा पण."
आणि वही मिटता मिटता,
"मी हो म्हणते. म्हणजे नाही जात."

तिने पुढचा धडा न शिकवताच उघडला होता.
यू आर नॉट गोइंग, आर यू?
मराठीतला हो समोरच्याच्या वाक्याला असतो.
इंग्रजीतला नो
आपल्या न जाण्याला.
दोन्ही फळ्यावर लिहिलं. खडू तुटला.
मागून कुणीतरी विचारलं, टेस्टला येईल का हे.

बोरीच्या पुलावर हवा गार नव्हती,
हलत होती एवढंच.
घरी कुमुद ताट झाकून बसलेली.
सतरा वर्षं चपला काढता काढता मी म्हणतो,
"जेवनी ना तू,"
आणि ती काही म्हणायच्या आत माझे हात नळाखाली.
आज कशाने कोण जाणे
ना वर गेला.
मलाच ऐकू आला. एक चप्पल पायात तशीच.

ती बघत राहिली.
"नही," म्हणाली.
मग जरा वेळाने, "रोजच नही."

फडताळातून दुसरं ताट काढायला गेलो,
तर ताटं कुठल्या फळीवर असतात
तेही विचारावं लागलं.