खोटी रेघ

चौऱ्याऐंशी नंबरची मेंढी डोंगरावरून खाली येते
तेव्हा तिच्या लोकरीत बर्फाचे खडे अडकलेले असतात.
एम्रिस तिला गुडघ्यांत धरतो,
भांग पाडावा तशी मानेवरची लोकर दुभागतो,
आणि पुढचं काम माझं. सुई, नळी, पिशवी.
महिन्यातून एकदा. त्या दिवशी तिला ओट्स जास्त.

आम्ही तिला शिकवलंय
माणसाच्या हृदयातलं एक प्रथिन,
हृदय दुखावलं की रक्तात गळणारं.
तिला ते परकं. तिने ते ध्यानात ठेवलं.
त्या ध्यानात ठेवण्यावर आमचा पगार चालतो.

गिरणीत पूर्वी फ्लॅनेल विणत.
आता मागांच्या जागी कपाटं, गुंजणारे फ्रीज,
आणि सोमवारी सकाळी मी सोनं उकळते:
आधी फिकट पिवळं, मग सांडलेल्या शाईसारखं,
मग एका क्षणात लाल.
तो क्षण मी अकरा वर्षांत एकदाही चुकवलेला नाही,
फोन वाजला तरी.
त्या लाल कणांना चौऱ्याऐंशीचं शिकलेलं रक्त चिकटवायचं,
तेच कागदी पट्टीवर आडव्या रेघेत ओढायचं, सुकवायचं,
पाकिटात बंद करायचं.
हृदयातलं ते प्रथिन आलं तर दोघांच्या मध्ये सापडेल,
रेघ उमटेल. नाही आलं तर कोरं.
एवढंच. एवढ्यासाठी चार वर्षं.

गावातल्या दोनशे धडधाकट माणसांनी रक्त दिलं.
नावं नाहीत, नुसते आकडे.
एकशे सदतीसवर रेघ.
पुन्हा केलं. रेघ.
बफर बदलला, दुसरा लॉट उघडला, लौरीने स्वतः केलं,
रेघ. फिकट, पण ठाम,
खोटं बोलणाऱ्या पोरासारखी नजरेला नजर देणारी.

मग लखोटा फोडला.
एकशे सदतीस म्हणजे एम्रिस.

ऐन वितीच्या हंगामात त्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं.
रात्रभर छातीला तारा.
डॉक्टर म्हणाली, हृदय बैलाचं आहे.
तो म्हणाला, मेंढीचं म्हणा, आणि माझे बूट द्या.
त्या रात्री दोन कोकरं दगावली.
आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

कारण लौरीला सापडलं, मला नाही.
चाळीस वर्षं कोपरापर्यंत हात घालून
आडवी आलेली कोकरं ओढून काढणारा माणूस.
ओरखडे, चावे, लाळ, वार.
दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात;
त्याच्या रक्ताने मेंढी कधीच पाठ केली होती.
पट्टीवर मेंढीचं. सोन्यावर मेंढीचं.
त्याने एका हाताने हिला धरलं, एका हाताने तिला,
आणि रेघ उमटली.
आम्ही हृदयाबद्दल विचारलं,
त्याच्या रक्ताने मेंढीचं नाव सांगितलं.

उपाय जुनाच आहे, पुस्तकात असतो:
ज्या मेंढीला काहीच शिकवलेलं नाही
तिचं रक्तजल बफरमध्ये मिसळायचं.
एम्रिसचं रक्त आधी तिच्याशी बोलत बसेल,
पट्टीपाशी पोचेल तेव्हा हात रिकामे नसतील.
मेंढी त्यानेच निवडली.
एका कानाची, वांझ, खाटकाकडे जायची राहिलेली.
तिला नंबर नव्हता. मी रजिस्टरमध्ये ‘कोरी’ लिहिलं.

नव्या लॉटवर त्याचा थेंब सोडला.
पंधरा मिनिटं तो टोपी हातात धरून उभा.
साक्षीची रेघ वर आली, चाचणीची नाही.
मी म्हटलं, झालं.
तो पट्टी खिडकीशी नेऊन उलटसुलट बघत राहिला.
“म्हणजे आता हिला मी कळत नाही,” म्हणाला.

माहितीपत्रकात बारीक टाइपात एक वाक्य वाढलं,
मेंढ्यांशी दीर्घ संपर्क असलेल्यांबाबत.
ते कोणी वाचणार नाही.
नवी पाकिटं पंचेचाळीस अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवली आहेत,
दारावर तारीख चिकटवलीय.
जुन्या लॉटची एक पट्टी
त्याच्या गाडीच्या काचेमागे आहे, उन्हात उडत चाललेली.
मी मागितली होती, नोंदीसाठी.
दिली नाही.