तिसऱ्या कडव्यानंतरचा खोकला

डॉक्टर ओबरग्फेल, दातांचे, फिलिंगनहून आले.
गाडीतून त्यांचा टर्नटेबल उतरवायला
तिघं लागलो. बासष्ट किलो.
वर दोन टोनआर्म, एक नऊ इंची, एक बारा.
"हाकेनयोस, ऐका आणि सांगा,
कुठला ठेवू."

मी एकतीस वर्षं कारखान्यात टोनआर्म तोलले.
बाकावर काटा होता, साहेब आले की वापरायचा.
एरवी करंगळी.
दीड ग्रॅम म्हणजे किती, ते हिला विचारा.
कारखान्यात आता जिम आहे.

मी माझी रेकॉर्ड काढली, नेहमीचीच.
आमच्या चर्चचा गायकवृंद, अडुसष्टचा नाताळ.
तीनशे प्रती छापल्या, दोनशे तशाच पडून राहिल्या.
तिसऱ्या कडव्यानंतर, ऑर्गन सुरू व्हायच्या आधी,
कुणीतरी खोकतं.
इर्मट्राउट. त्या आठवड्यात तिला सर्दी होती.
ती गेल्याला अकरा वर्षं झाली.
मी खोकल्यापर्यंत ऐकतो
आणि सुई उचलतो.

आधी नऊ इंची. चपळ, तरतरीत,
जरा घाईची, पण पाय जमिनीवर.
खोकला आला. मधूनच आला.
किंचित उजवीकडे? असेल.

मग बारा इंची बसवता बसवता
डॉक्टरांना सांगत राहिलो, त्यांनी विचारलं नव्हतं तरी:
रेकॉर्ड कोरणारी सुई सरळ रेषेत जाते,
आपली खुंट्याला बांधलेली, कमानीतून फिरते.
सबंध बाजूत दोनच जागा अशा
जिथे कोन तंतोतंत जुळतो.
बाकी सगळं चालवून घेणं.
दांडी लांब असली तर जरा कमी, एवढंच.

सुई टेकली आणि भिंत मागे सरकली.
चर्चला खोली आली, थंडी आली,
कुणाच्या तरी बुटाखाली फळी करकरली.
बायका डावीकडे. पुरुष उजवीकडे, दोन रांगांत.
तिसरं कडवं संपलं.

खोकला उजवीकडून आला.
मागच्या रांगेतून, खर्जातल्या पुरुषांमधून.
पिठाचा खोकला.
गेबहार्ड, बेकरीवाला.

पुन्हा लावली.
वायरी पाहिल्या, डावं-उजवं उलटं तर नाही ना.
नव्हतं.
माझ्या घरच्या मशीनवर डावं उजव्यात सांडतं,
सगळं मधोमध गोळा होतं. मला ठाऊक होतं.
एक स्क्रू पाव फेरा फिरवायचा होता.
दुरुस्तीवाल्याचं मशीन कोण दुरुस्त करतो?

मग तिला डावीकडे शोधलं.
चौदा जणी, एकच आवाज.
चांगली गायची ती.
चांगलं गाणारी वृंदातून
वेगळी काढता येत नाही.

"तर?" डॉक्टर म्हणाले.
बारा इंची, म्हटलं. ती कुणाची भीड ठेवत नाही.
ते खूश झाले. नऊ इंची मला देऊ केला,
घरच्या मशीनसाठी.
नको म्हटलं.

रात्री घरी लावली. स्क्रूला हात लावला नाही.
खोकला आला, मधोमध, जुन्या जागी.
गेबहार्ड, म्हटलं, पाणी पी जरा.

आणि सुई उचलायची राहून गेली.
ऑर्गन वाजला. चौथं कडवं सुरू झालं.
त्यात बायका खालच्या सुरात उतरतात,
हे मी विसरूनच गेलो होतो.